हिरवी नोंद

मुल्ला सरांचा फोन आला तेव्हा सरोज हावळ अंगणवाडीत खिचडी वाढत होती.

"शाळा सुटल्यावर जरा येऊन जा बाई," सर म्हणाले. "कुंभोजेंच्या शर्वरीबद्दल बोलायचंय."

सरोज "हो" म्हणाली. मग पुढच्या ताटलीत तिने दोनदा वाढलं आणि त्याच्या पुढच्या मुलाला वाढायचीच विसरली.

इचलकरंजीतल्या त्या गल्लीत अंगणवाडी आणि नगरपालिकेची शाळा यांच्यात जेमतेम शंभर पावलांचं अंतर होतं. दोन्ही बाजूंना मागांचे कारखाने. खटखटाट इतका सततचा की गल्लीतली माणसं घरातसुद्धा ओरडूनच बोलायची. दुसरीच्या वर्गात मुल्ला सर वाट बघत होते. पहिल्या बाकावर शर्वरी, समोर पुस्तक उघडं.

"वाच," सर म्हणाले.

शर्वरीने धडा वाचला. न अडखळता, स्वल्पविरामाला थांबून, बोट ओळीवरून फिरवत. सरोजचा जीव भांड्यात पडला. मग सरांनी पानावर एक कोरा कागद ठेवला. त्याला मधोमध चौकोनी खिडकी कापलेली होती आणि तीतून एकच शब्द दिसत होता.

"हा कोणता?"

शब्द होता 'दगड'. शर्वरीने आधी सरांच्या तोंडाकडे पाहिलं, मग सरोजच्या.

"पाऊस?"

"बरं. जा, बाहेर खेळ जा."

ती गेल्यावर सर म्हणाले, "पुढच्या बाकावरच्या मुली वाचतात ते ऐकते आणि तोंडपाठ करते. सात धडे पाठ आहेत तिला. मला स्वतःला सात धडे पाठ नाहीत. बोटसुद्धा बरोबर वेळेला फिरवते. म्हणून मला पहिलं सत्र कळलंच नाही."

"अक्षरं येत नाहीत?"

"येतात आणि जातात. आज शिकलेलं अक्षर उद्या तिला नवंच असतं. महिन्यांची नावं क्रमाने सांगता येत नाहीत. शब्दाच्या तुकड्यांवर टाळ्या वाजवायला सांगा, क-म-ळ, तर दोन वाजवते नाहीतर पाच. बाई, मी अठरा वर्षं शिकवतोय. पट्टी यायच्या आधी मी हे पहिलीच्या दिवाळीत ओळखलं असतं. पट्टी आल्यापासून बघायचंच सोडलंय आपण." त्यांनी टॅबलेट तिच्याकडे फिरवला. "आता हे बघा."

शर्वरी बसवराज कुंभोजे. शेजारी हिरवा गोल. खाली मोजणी करणाऱ्याचं नाव: सौ. सरोज हावळ, अंगणवाडी सेविका.

"त्या दिवशी तिला ताप-बिप होता का? काही आवाज, गडबड? आठवून बघा."

"नाही," सरोज म्हणाली. "असं काही आठवत नाही."

"सतरा दिवसांनी ती आठ वर्षांची होतेय," सर म्हणाले. त्याचा अर्थ दोघांनाही माहीत होता.

पट्टीचं तत्त्व साधं होतं. सोळा टिकल्या शिवलेली मऊ कापडी पट्टी मुलाच्या डोक्याला बांधायची आणि कानात हळू आवाजात एकच अक्षर ऐकवत राहायचं: बा, बा, बा, बा. मधूनच एखादा पा. मूल चित्र बघत असो की बिस्किट खात असो, मेंदू तो बदल टिपतोच, आणि सेकंदाच्या पाचव्या हिश्शात विजेची एक बारीक लहर उठते. ज्या मुलांना पुढे वाचन जड जाणार असतं, त्यांच्यात ती लहर उशिरा येते किंवा अगदी पुसट येते. कानात दोष नसतो, बुद्धीतही नसतो. बोलण्यातले बारीक आवाज सुटे करून धरून ठेवायची मेंदूची रीत वेगळी असते, एवढंच. पण अक्षर म्हणजे तरी काय, सुट्या आवाजाची खूण. आवाजच सुटा झाला नाही तर खूण चिकटवायची कशाला?

बारा मिनिटांच्या या मोजणीने वाचनातली अडचण वाचन सुरू व्हायच्या आधी, पाचव्या वर्षीच कळू लागली. लाल नोंद झालेल्या मुलाला विशेष शिक्षक मिळे, रोज अर्धा तास आवाजांचे खेळ मिळत, परीक्षेत जादा वेळ मिळे. मेंदू कोवळा असताना हे झालं तर बहुतेक मुलं तिसरीपर्यंत वाचू लागत. नंतरही शिकता येत असे, पण दुप्पट-तिप्पट कष्टांनी, आणि सरकारने योजनेची रेघ आठव्या वाढदिवसावर मारली होती.

जादा वेळ मिळतो म्हटल्यावर शहरांतल्या काही पालकांनी पोरांना झोपेची औषधं देऊन पुन्हा मोजण्या करून घेतल्या. तेव्हा नियम आला: मोजणी एकदाच. नोंद बदलायची तर ज्याने मोजली त्यानेच ती खोटी असल्याचं लिहून द्यायचं. आणि तसं लिहून देणाऱ्याची नोकरी जायची.

घरी परतताना सरोजला तो शुक्रवार आठवत होता. खरं तर तो ती कधी विसरलीच नव्हती.

पट्टीला शांतता लागते. मागांच्या खटखटाटात यंत्राचा पिवळा दिवा लागायचा आणि मोजणी बंद पडायची. माग थांबत फक्त शुक्रवारी. यंत्र तिच्याकडे दोन आठवडे, म्हणजे दोन शुक्रवार. पण शुक्रवार हाच बाजाराचा दिवस, पाहुण्यांकडे जायचा दिवस, पोरं अंगणवाडीत येणार कशी? तिने घरोघर फिरून, फुगे देऊन, एकोणीस मुलं मोजली. तीन राहिली. शर्वरी आईबरोबर मामाच्या लग्नाला गेली होती. रेहान मोमीन बापाच्या गाडीवर बसून मिरजेला. समर्थ इंगळे आला होता, पण पट्टी बघून असा रडला की घामाने टिकल्या टिकेनात. चार वाजता यंत्र न्यायला माणूस येणार होता. पर्यवेक्षिका खोत मॅडमचा फोन तीनदा येऊन गेला होता: "सगळ्यांचं शंभर टक्के झालंय, तुझंच तेवढं राहिलंय."

सरोजची स्वतःची ओवी त्याच वयाची. सकाळीच तिची मोजणी झाली होती, हिरवी, आणि ती कोपऱ्यात शहाण्यासारखी चित्र रंगवत बसली होती. सरोजने तिला जवळ बोलावलं. बारा मिनिटं, बारा मिनिटं, बारा मिनिटं. फोटो हजेरीतले जुने चालले. ओवीने प्रत्येक वेळी एक बिस्किट मागून घेतलं.

तीन हिरवे गोल. त्या संध्याकाळी तिला वाटलं होतं, बावीस पोरांत लाल एखादंच निघायचं, आणि निघायचंच असतं तर ते या तिघांतच कशाला असेल.

*

दुसऱ्या दिवशी ती कुंभोजेंच्या घरी गेली. शर्वरीची आई गिरिजा दारात चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. बाप बसवराज गल्लीतल्या चार कारखान्यांत जॉबर होता, मागांची दुरुस्ती करायचा. पहिली पाळी संपवून तो नुकताच जेवायला बसला होता.

"या या सरोजताई. चहा टाक गं."

"नको, सहज आले. शर्वरी दिसली नाही."

"आत हाय. लिवत बसवलीय. शंभर वेळा." त्याने भाकरी मोडली. "मुल्ला सरांनी बोलावलं होतं की मला. म्हणाले, पोरीला अडचण आहे. मी म्हटलं, सर, कागद बघा." त्याने भिंतीकडे मान केली. देवाच्या तसबिरीखाली प्लास्टिकमध्ये घातलेलं प्रमाणपत्र होतं, हिरवा गोल असलेलं. "तुम्हीच दिलाय की. डोकं एकदम साफ. मग अडचण कसली? माजलीय पोरगी."

"मारू नका हो तिला."

"हौस हाय व्हय मला?" तो ताटाकडे बघत म्हणाला. "डोक्यात काय कमी असतं, तर हात लावला नसता. देवाशप्पथ. पण मशीन खोटं बोलत न्हाई ताई, माणूस बोलतं."

गिरिजा कांडीवरून मान न उचलता म्हणाली, "जेवा आधी. रोज जेवताना तेच."

शर्वरी पाणी प्यायला बाहेर आली. डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर लाल वळ होते. सरोजला बघून ती हसली, कारण अंगणवाडीत सरोजबाई तिला आवडायच्या.

मुल्ला सर म्हणाले होते ते खरंच होतं. पट्टी येण्यापूर्वी न वाचणारं मूल आळशी तरी ठरायचं, नाहीतर एखाद्या जाणत्या मास्तराला पडलेलं कोडं. आता कोडं उरलंच नव्हतं. लाल असेल तर मदत करायची. हिरवं असून वाचत नसेल तर ते मूल लबाड आहे, आणि त्याला यंत्राचा पुरावा.

सरोजने दुसऱ्या वाटा शोधून पाहिल्या. खोत मॅडमकडे जाऊन तिने विचारलं, एका मुलीची मोजणी परत करता येईल का, गुपचूप, नुसतं बघण्यापुरती.

"यंत्रच घेत नाही," मॅडम म्हणाल्या. "नाव टाकलं की सांगतं, नोंद पूर्ण. का? काय झालंय?"

सरोजने सांगितलं. सगळं.

खोत मॅडमनी उठून दार लावलं. "तुला वाटतं तू एकटीच आहेस? त्या महिन्यात माझ्याकडे सव्वीस अंगणवाड्या होत्या. सव्वीसच्या सव्वीस शंभर टक्के. मी काय खुळी आहे? एकाच डोक्याची लहर चार नावांवर आली की यंत्र खूण करतं. मी त्या खुणा बघितल्या आणि पुढे पाठवल्या. तू लिहून दिलंस तर चौकशी तुझ्याशी थांबणार नाही. आणि पोरीचं होईलच याची खात्री काय? अर्ज वर जाणार, तारीख पडणार. तिचे दिवस किती राहिलेत?"

"पंधरा."

"बघ. तुझी नोकरी जाईल, माझी जाईल, आणि पोरगी आठ वर्षांची होईल ती होईलच. घरी बोलाव तिला. शिकव. तेवढं तुझ्या हातात आहे."

सरोजने तेही केलं. रोज संध्याकाळी शर्वरीला घरी आणून ती वाळूच्या ताटात अक्षरं गिरवून घ्यायची, मोठ्याने म्हणवून घ्यायची. सहा दिवसांत शर्वरीला सात अक्षरं आली. सातव्या दिवशी त्यातली पाच गेली होती. विशेष शिक्षक जे वर्षभराच्या प्रशिक्षणानंतर करतात ते वाळूच्या ताटावर होण्यासारखं नव्हतं, हे सरोजला कळत होतं. शेजारी ओवी गोष्टीचं पुस्तक वाचत पडलेली असायची, मनातल्या मनात, भराभर पानं उलटत.

त्या सातव्या संध्याकाळी शर्वरी ताटाकडे बघत म्हणाली, "बाई, मी ठरवून करते का हे?"

"काय ठरवून?"

"बाबा म्हणतात, मी ठरवून वाचत नाही. मशीनमध्ये तसं आलंय." तिने बोटाने वाळू सारखी केली. "पण मला कळतच नाही मी कधी ठरवते. मी झोपेत ठरवत असेन का? काल मी झोपलेच नाही, बघायला."

ओवीने पुस्तकातून मान वर केली. सव्वीस अंगणवाड्यांचं, नोकरीचं, सुताला खळ लावायच्या सायझिंगमधल्या नवऱ्याच्या तुटपुंज्या पगाराचं जे गणित सरोज आठवडाभर मांडत होती, ते सगळं डोक्यातून निघून गेलं. आठ वर्षांची व्हायला नऊ दिवस राहिलेली एक मुलगी स्वतःवर पाळत ठेवून रात्रभर जागी राहिली होती.

"चल," ती म्हणाली. "तुझ्या घरी जाऊ."

*

बसवराज दुसऱ्या पाळीला निघायच्या बेतात होता. सरोज उंबऱ्यातच उभी राहिली आणि एका दमात बोलली. त्या शुक्रवारी शर्वरी लग्नाला गेली होती. तिच्या डोक्याला पट्टी कधी लागलीच नाही. तो हिरवा गोल ओवीचा आहे.

बसवराजला पहिल्यांदा समजलंच नाही. "म्हणजे मशीन बिघडलं होतं?"

"मशीन चांगलं होतं. मी खोटं केलं."

गिरिजाचा हात थांबला. कांडी आपली फिरत राहिली आणि सूत भलतीकडेच गुंडाळत गेलं. बसवराज शर्वरीकडे बघत होता, तिच्या हाताकडे. मग त्याने जाऊन भिंतीवरचा कागद काढला. फाडायला गेला, पण प्लास्टिक फाटेना. दोनदा पिळूनही फाटेना. शेवटी त्याने तो तसाच सरोजच्या हातात कोंबला.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "दोन वर्षं मारतोय मी तिला. तुमच्या ह्या कागदावर."

"हो."

"हो काय हो? लिवून द्या. आत्ता. माझ्यासमोर."

शर्वरीच्याच वहीतलं पान फाडून सरोजने लिहिलं: मी शर्वरी बसवराज कुंभोजे, रेहान मोमीन आणि समर्थ इंगळे या तीन मुलांची मोजणी केलेली नाही. त्यांच्या नावावरच्या नोंदी मी माझ्या मुलीच्या डोक्याला पट्टी बांधून तयार केल्या आहेत. खाली सही, तारीख, वेळ. मुल्ला सरांनी शाळेच्या संगणकावरून ते त्याच संध्याकाळी वर पाठवलं आणि रोज सकाळी कोल्हापूरच्या कार्यालयात फोन लावू लागले. सरोजला तिसऱ्या दिवशी निलंबनाचं पत्र आलं. पाचव्या दिवशी खोत मॅडमनी फोन केला आणि काहीही न बोलता ठेवून दिला. शर्वरीच्या मोजणीला तारीख मिळाली ती वाढदिवसाच्या आदल्या दिवसाची, दुपारी तीनची.

कोल्हापूरच्या केंद्रात सरोजलाही जावं लागलं. जुनी नोंद रद्द करताना तिची सही समोर व्हायला हवी होती. बसमध्ये बसवराज पुढच्या सीटवर लेकीला खिडकीशी घेऊन बसला. सरोज तीन सीटा मागे.

तंत्रज्ञ मुलगी तरुण होती. पट्टी बांधायच्या आधी ती अर्जातले प्रश्न वाचून दाखवत भरून घेत होती. बोलायला उशिरा लागली का? कानाचं दुखणं? डोक्याला मार?

"डोक्याला नाही," बसवराज म्हणाला.

"घरात आणखी कुणाला वाचायला त्रास होता का? आई, वडील, काका, आत्या? हे बरेचदा घराण्यात चालत येतं, म्हणून विचारतेय."

"न्हाई."

ती 'नाही'वर खूण करणार, तेवढ्यात तो म्हणाला, "थांबा." शर्वरी खुर्चीत पाय हलवत त्याच्याकडे बघत होती. बसवराजने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा सरोजकडे.

"मला," तो म्हणाला. "मला होता. अजून हाय. सही येते तेवढी."

शर्वरीचे पाय हलायचे थांबले. तंत्रज्ञ मुलीने मान वर न करता खूण केली आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. आता तुम्ही दोघं बाहेर बसा."

बाहेर एकच बाक होता. दोन्ही टोकांना दोघं बसले. बंद दाराकडे बघत बसवराज स्वतःशीच बोलल्यासारखं बोलू लागला.

"चौथीत सोडली शाळा. मास्तर फळ्यापुढं उभा करायचा. मला वाटायचं, मीच मठ्ठ. लगीन झालं तरी गिरिजाला कळू दिलं न्हाई, चष्मा विसरलो म्हणायचो. पोरीचा हिरवा कागद आला तवा कुणाकडून तरी वाचून घेतला, आणि पेढे वाटले. म्हटलं, सुटली. माझ्यासारखं न्हाई झालं." त्याने हाताच्या पंजाने तोंड पुसलं. "म्हणून जास्त राग यायचा. हिचं चांगलं असून ही माझ्यासारखं करतीय, म्हणून."

सरोजने त्याच्याकडे वळून पाहिलं. बोलण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही असं तिला वाटत होतं.

"तुम्हाला माफ करायचं न्हाई मला," तो शांतपणे म्हणाला. "ते डोक्यात ठेवू नका."

"नाही ठेवत."

दार उघडलं. लहर अगदी पुसट होती, आणि फार उशिरा येत होती. तंत्रज्ञ मुलीने पडदा त्यांच्याकडे फिरवला. लाल गोल. बसवराजने दोन्ही हात जोडून त्या गोलाला नमस्कार केला. मग तो खाली बसला, शर्वरीच्या खुर्चीसमोर, फरशीवरच, आणि तिचा डावा हात आपल्या हातात घेऊन नुसता बसून राहिला. तिने हात सोडवून घेतला नाही. पण बोटं मिटून घेतली होती.

योजनेत नाव चढलं तेव्हा पावणेपाच झाले होते. कार्यालय पाचला बंद होत असे.

परतीच्या बसमध्ये शर्वरी बापाच्या मांडीवर झोपली. हातकणंगले गेल्यावर बसवराज मागे वळला.

"त्या कागदावर आणखी दोन नावं होती."

"रेहान चांगला वाचतो. मी काल जाऊन आले. त्याच्या आईने पूर्ण ऐकून घेतलं, मग म्हणाली, नशीब आमचं."

"आणि समर्थ? बापू इंगळेचा? शाळेत दिसत न्हाई हल्ली."

"दिवाळीपासून बंद आहे. वाचत नव्हता, म्हणून बापूने गॅरेजवर घेतलाय."

"तो कधी होणार आठचा?"

"जानेवारीत झाला."

मार्च संपत आला होता. रस्त्याच्या कडेला सूतगिरण्या दिसू लागल्या होत्या.

"बापू माझ्यापेक्षा वाईट हाय," बसवराज म्हणाला. "तुम्हाला हात लावायला कमी करायचा न्हाई."

"माहीत आहे."

"त्याला सांगून आता मिळणार तरी काय?"

"सरकारकडून काही नाही. पण मुलगा लबाड नाही, एवढं तरी त्या घरात कुणीतरी सांगायला हवं. आणि मुल्ला सर म्हणालेत, तुमच्या शर्वरीचे विशेष शिक्षक यायला लागले की त्यालाही शेजारी बसवू. कागदावर नाव नसलं तरी."

इंगळेंच्या गॅरेजसमोर बस हळू झाली. सरोज उठून दाराशी आली. टायरच्या ढिगाशेजारी काळ्या हातांचा एक मुलगा वाकून नट गोळा करत होता, आणि बापू इंगळे त्याच्यावर ओरडत होता. सरोज उतरली आणि रस्ता ओलांडून सरळ बापूकडे गेली.